धूळ आणि पाऊस

जुन्या सिनेमांची धूळ पुसण्यात मी सात वर्षं काढली. अंधेरीतली एक लॅब, बहुतेक रात्रपाळी, हातात झाडूऐवजी माऊस. समोर दोन पडदे. डावीकडे स्कॅन होऊन आलेली फ्रेम, उजवीकडे तीच फ्रेम मी साफ केल्यावर. ‘म्हणजे तू नक्की करतेस काय?’ असं मावशी दर दिवाळीला विचारायची. आईने त्यावर एक कायमचं उत्तर काढून ठेवलं होतं: ‘कॉम्प्युटरवर आहे ती.’

या कामातलं मला जे थोडंफार कळलं, ते एका सिनेमाभोवती गोळा झालंय. गंमत म्हणजे तो आमच्या लॅबमध्ये कामासाठी कधी आलाच नव्हता. ‘प्रायव्हेट प्रॉपर्टी’, साल १९६०, अमेरिकन, काळा-पांढरा, ७९ मिनिटं. लेखक आणि दिग्दर्शक लेस्ली स्टीव्हन्स. दोन उनाड पुरुष एका एकट्या बाईच्या घरात शिरतात, एवढीच गोष्ट. पुढे कित्येक दशकं हा सिनेमा हरवला असंच लोक धरून चालले होते. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या फिल्म अर्काइव्हने त्याची डागडुजी केली आणि २०१६ मध्ये तो फोर-के रूपात पुन्हा पडद्यावर आला. त्या सिनेमामुळे आणि माझ्या एका घोडचुकीमुळे जे शिकले, ते आठवेल तसं लिहिते.

१. यंत्राला पाऊस कळत नाही

नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. एक जुना मराठी सिनेमा आला होता, नाव सांगत नाही. त्यात एक प्रसंग असा की नायिका ओसरीवर उभी आहे, अंगणात पाऊस पडतोय, आत कंदील. प्रिंट इतकी मळकी की फ्रेमभर पांढरे ठिपकेच ठिपके. शिफ्ट संपत आली होती. मी ऑटोमॅटिक फिल्टरचा जोर वाढवला, अख्खा प्रसंग त्याच्या तोंडी दिला आणि चहाला गेले. परत येऊन बघते तर सगळ्या फ्रेम आरशासारख्या लख्ख. खूश होऊन सकाळी सहाला घर गाठलं.

दुसऱ्या रात्री सरांनी बोलावलं. आमचे सर म्हणजे अबोल गृहस्थ. पंचवीस वर्षं पांढरे सुती हातमोजे घालून निगेटिव्ह कापण्यात गेलेली. त्यांनी प्रसंग चालवला, मध्येच थांबवला आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, ‘अगं, पाऊस कुठं गेला?’

पाऊस नव्हता. अंगण कोरडं ठणठणीत. नायिकेचा पदर मात्र भिजून चिप्प झालेला, आणि साउंडट्रॅकवर धो धो चाललेलं.

झालं होतं ते असं. फिल्टर एक फ्रेम घेतो, तिच्या आधीची आणि नंतरची बघतो. जे फक्त मधल्या फ्रेममध्ये आहे आणि दोन्हीकडच्या शेजाऱ्यांकडे नाही, ती धूळ, असं तो समजतो आणि शेजाऱ्यांकडून उसनवारी करून ती जागा भरून टाकतो. धुळीचा कण खरोखरच तसा असतो, एका फ्रेमपुरता, म्हणजे सेकंदाच्या चोविसाव्या हिश्शापुरता. पण पावसाचा थेंबही तसाच असतो. काडी ओढल्यावर उडणारी ठिणगी तशीच. पाण्यावर पडलेली उन्हाची तिरीपही तशीच. आपण ओरडावं आणि यंत्राने ऐकावं, असा काही मार्ग नसतो. माणसाने बसून बघायचं.

सर रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. ड्रॉवरमधून एक डिस्क काढून दिली. ‘घरी बघ. पाण्याकडे लक्ष ठेव.’

ती ‘प्रायव्हेट प्रॉपर्टी’. त्यातल्या घराला एक स्विमिंग पूल आहे आणि निम्मी गोष्ट त्याच्या काठावर घडते. कॅलिफोर्नियाचं दुपारचं ऊन, हलतं पाणी, प्रत्येक फ्रेममध्ये शेकडो ठिणग्या. एकही ठिणगी विझलेली नाही. ७९ मिनिटं म्हणजे जवळजवळ १ लाख १४ हजार फ्रेम होतात. त्यातल्या पाण्याच्या सगळ्या फ्रेमवर कुणीतरी बसून ‘ही धूळ, ही चमक’ असं निवडलेलं असणार, तांदळातले खडे निवडावेत तसं. पहिल्यांदा बघताना मी खरंच फक्त पाणी बघितलं. गोष्ट दुसऱ्या दिवशी.

२. पैसे नसले की माणूस स्वतःच्या घरात शूटिंग करतो

स्टीव्हन्सकडे साधारण ६० हजार डॉलर होते आणि दहा दिवस. त्याच साली हिचकॉकने ‘सायको’ टीव्हीची माणसं घेऊन काटकसरीत उरकला म्हणून अजून कौतुक होतं. त्या काटकसरीला ८ लाखांच्या वर डॉलर लागले होते. स्टीव्हन्सला सेट परवडणार नव्हता. त्याने हॉलिवूडच्या टेकड्यांवरचं स्वतःचं घर वापरलं. नायिका ॲनच्या भूमिकेत त्याची बायको केट मँक्स. कॅमेऱ्यावर मात्र टेड मॅकॉर्ड, ‘द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे’ आणि ‘ईस्ट ऑफ ईडन’ टिपलेला मुरलेला माणूस, आणि त्याच्या हाताखाली कॅमेरा ऑपरेटर कॉनरॅड हॉल. या हॉलच्या नावावर पुढे तीन ऑस्कर लागली. म्हणजे चूल मातीची आणि आचारी लग्नघरचे.

गोष्ट अशी सुरू होते. ड्यूक आणि बूट्स नावाचे दोन भटके समुद्रकिनाऱ्यावरून वर हायवेवर येतात. पेट्रोलपंपावर पंपवाल्याला दमात घेतात. तेवढ्यात पांढऱ्या कॉर्व्हेट गाडीतून एक सोनेरी केसांची बाई येते, पेट्रोल भरून जाते. हे दोघे एका फिरत्या विक्रेत्याच्या गाडीत घुसतात आणि त्याला धमकावून तिच्या मागे गाडी घ्यायला लावतात. तिच्या शेजारचं घर रिकामं असतं. त्यात ते मुक्काम ठोकतात आणि वरच्या खिडकीतून तिचा तलाव, तिची आरामखुर्ची, तिचं पोहणं बघत बसतात.

स्वतःच्या घरात शूटिंग करण्याचा फायदा इथे कळतो. कुठल्या खिडकीतून काय दिसतं, दुपारी तीनला ऊन कुठल्या फरशीवर येतं, हे दिग्दर्शकाला पाठ आहे. स्टुडिओत बांधलेल्या घरांना भिंती असतात, पण शेजार नसतो. या घराला शेजार आहे, आणि सगळी भीती त्या शेजारातून येते. मला आमच्या दादरच्या चाळीतल्या मागच्या खिडक्या आठवल्या, जिथून समोरच्यांची भाजी कुठली हेसुद्धा दिसायचं. तिकडे ते बघणं सगळ्यांचं सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून त्याची भीती वाटत नाही. ॲनला मात्र पत्ता नाही.

३. दरोड्याला पाच जण लागतात

इंग्रजीत या जातीच्या सिनेमाला ‘होम इन्व्हेजन’ असं नाव आहे. मराठीत मी पुष्कळ शोधलं. दरोडा म्हणावं तर कायद्याने दरोड्याला किमान पाच जण लागतात. घरफोडी म्हणावं तर कुलूप तुटायला हवं. घुसखोरी हा शब्द आपण सीमेसाठी आणि सरकारी जमिनीसाठी राखून ठेवलाय. ड्यूक यातलं काहीच करत नाही. तो दारावर येतो, नम्रपणे बोलतो, बागकामाचं काही असेल तर करतो म्हणतो. झाडांबद्दल त्याला थोडंफार कळतंही. दार ॲनच उघडते.

हा या सिनेमाचा खरा गाभा आहे असं मला वाटतं. पुढे याच वाटेवरचे जे सिनेमे आले त्यांत दार फुटतं, काच फुटते, टेलिफोनची तार कापली जाते. इथे पहिला तासभर काही फुटत नाही. नवरा विम्याच्या धंद्यात गुंतलेला, संध्याकाळी येतो तो हिशेब डोक्यात घेऊन. ॲन नटून बसते, त्याच्या अंगाशी जाते. तो पाठीवर थोपटून विषय बदलतो. तो वाईट माणूस नाहीच. फक्त त्याचं लक्ष नाही. लक्ष देणारा जो पहिला माणूस येतो तो शेजारच्या खिडकीतून आलेला आहे, आणि तो स्वतःसाठी आलेलाही नाही. बूट्सला आजवर बाईचा सहवास मिळालेला नाही. ड्यूकने त्याला शब्द दिलाय की ही तुला मिळवून देतो.

हे मला झोंबलं, त्याला कारण आहे. अंधेरीला मी भाड्याच्या वन-रूम-किचनमध्ये एकटी राहत होते. एकदा रात्रपाळी करून आले, डोळा लागत होता, सकाळचे अकरा. बेल वाजली. ‘गॅसची पाइपलाइन चेक करायची आहे.’ गळ्यात ओळखपत्र, ते उलटं फिरलेलं. सोसायटीच्या बोर्डावर पोलिसांची सूचना होती की अनोळखी इसमास दार उघडू नये. ती मी रोज वाचत असे. तरी सेफ्टी डोअर उघडलं. का? तर त्याने चपला बाहेर काढल्या होत्या, नीट जोडून, भिंतीला लावून. चपला काढणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

आत येऊन त्याने शेगडीखाली वाकून पाहिलं, पाणी मागितलं, प्यायला, आणि भांडं खाली ठेवता ठेवता विचारलं, ‘ताई, एकट्याच राहता?’ मी म्हटलं, ‘भाऊ आहे, आत झोपलाय.’ वन-रूम-किचनमध्ये ‘आत’ म्हणजे कुठे, हे त्यालाही दिसत होतं. त्याने बाथरूमच्या बंद दाराकडे पाहिलं, मान डोलावली आणि गेला. तो खरंच गॅसवाला असेल. मला कधीच कळलं नाही. आजीची पद्धत होती की कडी काढायच्या आधी तीनदा ‘कोण?’ विचारायचं, आवाज ओळखीचा असला तरी. आम्ही पोरं तिला हसायचो.

कोरी ॲलनने ड्यूक केलाय तो असाच, चपला बाहेर काढणारा. हा ॲलन म्हणजे ‘रिबेल विदाउट अ कॉज’मध्ये जेम्स डीनशी गाडीची पैज लावून कड्यावरून जाणारा पोरगा. पुढे तो टीव्हीचा नावाजलेला दिग्दर्शक झाला. बूट्स झालाय वॉरेन ओट्स. त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या भूमिकांपैकी ही एक. आश्रित, घाबरट, लाचार. त्याच्या चेहऱ्याकडे बघताना आधी कीव येते आणि मग अंगावर काटा.

शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की ज्या पाण्यावर उन्हाच्या ठिणग्या बघत होतो, त्याच पाण्यात रात्री उतरावं लागतं.

४. ज्याला वाली नाही तो आधी हरवतो

सिनेमा हरवतो म्हणजे काय? सोन्याचा दागिना हरवावा तसा एका दिवशी हरवत नाही. आधी त्याचा मालक हरवतो.

‘प्रायव्हेट प्रॉपर्टी’ला अमेरिकन सिनेमाच्या प्रॉडक्शन कोडने आपला शिक्का दिला नाही. कॅथलिक चर्चच्या ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ने तो ‘निषिद्ध’ यादीत टाकला. आज बघताना त्यात नग्नता नाही, रक्त फारसं नाही. बोचलं असेल ते बाईच्या एकटेपणाबद्दल इतकं उघड बोलणं. शिक्का नाही म्हणजे मोठ्या थिएटरांच्या साखळ्या दचकणार. मोठा स्टुडिओ पाठीशी नाही म्हणजे त्यांची गार, कोरडी तिजोरी नाही. छोट्या कंपन्या बंद पडतात, भागीदार भांडतात, लॅबमध्ये पडलेल्या डब्यांचं भाडं भरायला कुणी उरत नाही. बदनाम सिनेमे याच वाटेने जातात. लोकांनी जाळले म्हणून क्वचित, पावती फाडायला कुणी नव्हतं म्हणून नेहमी.

स्टीव्हन्सच्या नशिबी हे दोनदा आलं. ‘द आउटर लिमिट्स’ ही गाजलेली टीव्ही मालिका काढल्यावर त्याने १९६६ मध्ये ‘इन्क्युबस’ केला, अख्खा एस्पेरान्तो भाषेत, नायक विल्यम शॅटनर. तोही गेलाच होता. मग पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेजमध्ये एक प्रिंट निघाली, तीही फ्रेंच सबटायटल कोरलेली. ज्या भाषेत सिनेमा काढला ती जगात क्वचितच कुणाची मातृभाषा, आणि तो जिवंत राहिला तो तिसऱ्याच भाषेच्या खांद्यावर.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘युक्त’ या तरुणांच्या सहकारी गटाने १९७६ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’वर काढलेला मराठी सिनेमा, ज्यात ओम पुरी अगदी सुरुवातीच्या काळात दिसले, तोही बर्लिनच्या ‘आर्सेनाल’ संस्थेत जपलेल्या प्रिंटमुळे पुन्हा बघता आला. पुण्यातला नाना फडणवीस बर्लिनच्या डब्यात सापडला!

आणखी एक जात आहे, हरवलेल्या नव्हे तर तोडलेल्या सिनेमांची. वेस क्रेव्हनचा ‘द लास्ट हाउस ऑन द लेफ्ट’ (१९७२) हा असाच किडूकमिडूक पैशांत काढलेला. मुलीचे मारेकरी नकळत तिच्याच आईबापांच्या घरी रात्रीच्या आसऱ्याला येतात, म्हणजे घुसणारेच सापळ्यात. गोष्टीचा सांगाडा बर्गमनच्या ‘द व्हर्जिन स्प्रिंग’चा. त्याच्या प्रिंट थिएटरवाल्यांनी आणि ऑपरेटरांनी आपापल्या मर्जीने कापल्या. एका गावची प्रिंट दुसऱ्या गावच्या प्रिंटशी जुळेना. ब्रिटनमध्ये त्याला १९७४ मध्ये सर्टिफिकेट नाकारलं. न कापता बघायला मिळायला २००८ उजाडलं. अशा सिनेमाचं रिस्टोरेशन म्हणजे धूळ पुसणं नंतर, आधी गोधडीचे तुकडे शोधणं. सर म्हणायचे, सांध्यावर बोट फिरवलं की कापणाऱ्याचा हात कळतो. सेन्सॉरने कापलं तर सांधा सरळ. ऑपरेटरने कापलं तर घाईचा.

५. डबा उघडला की आधी वास घ्या

आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्म मरायला लागली आहे. १९५० च्या सुमारास पेट घेणारी नायट्रेट फिल्म बाद झाली आणि ॲसिटेट आली. तिला ‘सेफ्टी’ म्हणायचे. ती सहज पेट घेत नाही, पण दमट हवेत आंबते, आकसते, वाकडी होते. आणि एका डब्याचा आजार शेजारच्या डब्याला लागतो. मुंबईच्या हवेत तर विचारूच नका. नायट्रेट कधी कधी एकदाच जाते, भडका उडून. २००३ मध्ये पुण्यात ठेवलेली नायट्रेटची जुनी रिळं अशीच आगीत गेली.

६. साफ केलेला सिनेमा सभ्य होत नाही

पुढे मी पुण्याला आले. आमच्या फिल्म सोसायटीत एका पावसाळी रविवारी ‘प्रायव्हेट प्रॉपर्टी’ लावला. पस्तीसेक माणसं, भिजलेल्या छत्र्या कोपऱ्यात. संपल्यावर दिवे लागले आणि पाच मिनिटं कुणी बोलेना, मग सगळेच बोलायला लागले.

पहिली तोफ एका काकांनी डागली. ‘असल्या सवंग सिनेमावर लाखो रुपये घालायचे आणि आपल्या ‘आलम आरा’ची एक प्रिंट नाही, याचं उत्तर द्या.’ टाळ्या पडल्या. उत्तर माझ्याकडे नव्हतं. अमेरिकन विद्यापीठाने आपला पैसा आपल्या सिनेमावर घातला, त्यात आपलं काही गेलं नाही, एवढं म्हणाले. पण काकांचं दुखणं खरं होतं. ‘सवंग’ या शब्दाबद्दल मात्र मी भांडले, अजूनही भांडेन. काय वाचवायचं हे आधी अब्रू बघून ठरवलं की मागे उरतात ते फक्त संतपट आणि राष्ट्रीय पुरस्कार. त्या काळची माणसं रात्री दार लावून कशाला घाबरत होती, ते त्यातून कळत नाही.

मग मागच्या रांगेतून एक मुलगी उठली, आर्किटेक्चर शिकणारी. ती म्हणाली, ‘पण कॅमेराही तिच्याकडे त्या खिडकीतल्या दोघांसारखाच बघतो. मग तो कुणाच्या बाजूने आहे?’

तिचं बरोबर होतं. मी हा सिनेमा सहा-सात वेळा बघितलाय आणि दर वेळी तिथेच अडखळते. मळक्या प्रिंटमध्ये हे लपलं असतं. स्कॅन लख्ख झालं की ॲनच्या पाठीवरचं पाणी दिसतं, आणि ते आपल्याला किती वेळ दाखवलंय हेही दिसतं. दिग्दर्शक तिचा नवरा आहे. नवऱ्याचं लक्ष नसलेल्या बाईची गोष्ट तो सांगतोय, आणि त्यासाठी आपल्या बायकोला आपल्याच घरात परक्या नजरांसमोर उभं करतोय. त्याच साली ब्रिटनमध्ये मायकेल पॉवेलने ‘पीपिंग टॉम’मध्ये बघण्याच्या या रोगावरच अख्खा सिनेमा काढला आणि स्वतःची कारकीर्द घालवून बसला. स्टीव्हन्स तेवढा धीट नाही. त्याला बघायचंही आहे आणि बघणाऱ्याला शिक्षाही द्यायची आहे.

तरी केट मँक्स या सगळ्यातून सुटते. नवरा जेवण अर्धवट टाकून फोनकडे जातो तेव्हा तिचा चेहरा पडत नाही. ती हसू तसंच ठेवते, कुणी बघत नसताना. तेवढ्या दोन-तीन सेकंदांसाठी मी हा सिनेमा कुणालाही बघायला सांगेन. तिच्या वाट्याला मोजकंच काम आलं. १९६४ मध्ये ती गेली, पस्तिशीही गाठली नव्हती. हे कळल्यावर तो तलाव पुन्हा बघणं सोपं राहत नाही.

चर्चा संपता संपता कुणीतरी रामगोपाल वर्माचा ‘कौन’ काढला. १९९९, एक घर, तीन माणसं, बाहेर पाऊस, ऊर्मिला मातोंडकर दाराच्या आत आणि बेल वाजवणारा मनोज वाजपेयी बाहेर. गाणी नाहीत. तोही कमी पैशांतलाच, आणि तिथेही सगळा खेळ दार उघडायचं की नाही याचाच. त्याच्या मूळ निगेटिव्हची आज काय अवस्था आहे, असं मी विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही.

७. दाणा काढू नका

फिल्मला जो बारीक दाणा असतो, ग्रेन, ती घाण नव्हे. ती फिल्मची कातडी आहे. तो काढून टाकला की माणसं शोरूममधल्या पुतळ्यांसारखी गुळगुळीत होतात. टीव्ही चॅनेलवाल्यांना तसंच हवं असतं. ‘मॅडम, थोडं एचडी करा ना.’ मी सातव्या वर्षी नोकरी सोडली, त्याचं एक कारण हे वाक्य.

८. पाऊस परत आणायला चार रात्री लागल्या

मूळ स्कॅन सरांनी जपून ठेवलं होतं. ते नसतं तर मी तो पाऊस कायमचा मारला असता. म्हणून पहिला नियम असा की मुळावर कधीही काम करायचं नाही, नेहमी नकलेवर. ओसरीच्या प्रसंगाच्या ४०८ फ्रेम होत्या. मी त्या एकेक करून हाताने केल्या. पावसाचा थेंब लांबट असतो आणि वरून खाली तिरका असतो. धुळीचा कण कसाही असतो, कुठेही असतो. तिसऱ्या रात्रीपर्यंत डोळ्यांना न सांगता कळायला लागलं. चौथ्या रात्री सरांनी प्रसंग चालवला, काही बोलले नाहीत, आपल्या डब्यातली चकली पुढे केली.

आता तुम्हाला एक सांगणं आहे. घरात पोटमाळ्यावर, पलंगाखाली, बंद पडलेल्या टॉकीजच्या केबिनमध्ये कुठे रिळांचे पत्र्याचे डबे असतील, तर ते भंगारात देऊ नका. घरच्या प्रोजेक्टरवर चालवूनही बघू नका, आकसलेल्या फिल्मची भोकं फाटतात. डब्यावर काय लिहिलंय त्याचा फोटो काढा, वास घ्या, डबे कोरड्या जागी आडवे ठेवा आणि पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. सिनेमा कुठल्या दर्जाचा आहे, लाज वाटण्यासारखा आहे का, हे तुम्ही ठरवत बसू नका.